कामाच्या ओळखी: किल्लारी, औसा, लातूर परिसरात कमावत्या बाईने आपलं वर्तुळ कसं वाढवावं

किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सरकारने मोठं पुनर्वसन हाती घेतलं. पार जमीनदोस्त झालेल्या 52 गावांना नव्या जागी नवी घरं बांधून मिळाली. पण हजाराहून जास्त गावांत घरं उभी होती, फक्त भिंती फुटल्या होत्या, कोपरे सुटले होते. तिथे सरकारने मदत द्यायची आणि घरमालकाने स्वतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण करून घ्यायचं, असं ठरलं. कागदावर हे सोपं दिसत होतं. गावात मात्र पहिल्याच दिवसापासून घोळ सुरू झाला. हप्ता कधी मिळणार, तो मिळण्याआधी कोणतं काम झालेलं असायला हवं, आपलं नाव यादीत आहे की नाही, हे कुणी धड सांगेना. इंजिनिअरच्या वाट्याला गावं भरमसाट. तो जीपमधून उतरायचा, पारावरच्या चार पुरुषांशी बोलायचा आणि पुढच्या गावाला निघायचा.

या कामात लोकसहभागाची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेकडे आली. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना पुढे केलं. ग्रामसभेने मंडळ निवडायचं आणि त्या मंडळाने गाव आणि सरकार यांच्यामधला दुवा व्हायचं. या बायकांना 'संवाद सहायक' म्हणत. त्या आधी स्वतः शिकल्या. मातीत रचलेली दगडी भिंत भूकंपात पोटातून का फुटते, तिच्यात आरपार दगड कशासाठी घालायचे, कोपरे कसे बांधायचे, वरून सिमेंटचा पट्टा का फिरवायचा, माळवदावरचा मातीचा थर कमी का करायचा, हे सगळं. मग घरोघर जाऊन त्यांनी ते समजावून सांगितलं, कुणाचं काम कुठे अडलंय त्याची नोंद ठेवली आणि तालुक्याच्या बैठकीत ती नोंद अधिकाऱ्यांपुढे ठेवली. शेतमजुरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या या. काही महिन्यांत इंजिनिअर गावात आला की त्यांना शोधू लागला, कारण खरी माहिती त्यांच्याकडे होती.

पुढे याच मंडळांतून बचत गट उभे राहिले आणि त्यांतून आरोग्याची, शेतीची, छोट्या धंद्याची कामं निघाली. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या. गुजराती येत नसतानाही त्यांनी तिथल्या बायकांना घर परत कसं उभं करायचं, सरकारकडून काय आणि कसं मागायचं ते सांगितलं. 2004 च्या त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही पोचल्या. प्रेमाताई 2022 साली वारल्या. त्यांच्या संस्थेचं काम आजही या भागात चालू आहे.

हा इतिहास आधी सांगायचं कारण आहे. 'नेटवर्किंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचं वातानुकूलित सभागृह, गळ्यात ओळखपत्र आणि हातात कॉफीचा कप येतो, आणि हे आपलं काम नाही असं वाटून आपण मागे सरतो. प्रत्यक्षात कामाच्या ओळखी कशा होतात, याचा फार चांगला धडा याच मातीत आहे. त्या बायकांकडे पद नव्हतं, पैसा नव्हता, वशिला तर मुळीच नव्हता. लोकांना लागणारी अचूक माहिती त्यांनी वेळेवर पोचवली आणि त्यातून त्यांची नावं माहीत झाली. तुम्ही अंगणवाडी सेविका असा, औशाच्या न्यायालयात नव्याने वकिली करणाऱ्या असा, लॅब टेक्निशियन असा, शिवणकाम किंवा पार्लर चालवत असा, नाहीतर इंजिनिअरिंग करून नोकरी शोधत असा, तुमचं वर्तुळ याच रस्त्याने वाढणार आहे.

आधी वही उघडा

एक वही घ्या. गेल्या तीन महिन्यांत घराबाहेरच्या आणि नात्याबाहेरच्या कुणाकुणाशी तुम्ही कामाबद्दल बोललात, त्यांची नावं लिहा. सण, लग्न, मुलांची शाळा यावर झालेलं बोलणं धरू नका. फक्त काम. नावापुढे ती व्यक्ती काय करते, कुठे असते आणि तिला कुणाची माहिती आहे जी तुम्हाला नाही, ते लिहा. यादी चार नावांत संपली तर वाईट वाटून घेऊ नका, ती तिथूनच वाढवायची आहे.

आता तीच यादी पुन्हा वाचा. यातली किती नावं तुमच्याच गल्लीतली? किती तुमच्याच जातीतली? बाईच्या ओळखी बहुतेक वेळा सासर, माहेर, भावकी आणि शेजार यांतच फिरतात. अडीअडचणीला, आजारपणाला, लग्नकार्याला ही माणसं लागतातच. कामाच्या बाबतीत मात्र एक मर्यादा येते: जी माहिती तुमच्या जावेला आहे ती तुम्हालाही आहेच.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली यावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. बोस्टनजवळच्या उपनगरात, ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याने तुम्हाला ही खबर दिली तो तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारा होता असं सांगणारे जेमतेम 16.7 टक्के निघाले. 55.6 टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि 27.8 टक्के लोकांना क्वचितच भेटणाऱ्याकडून खबर मिळाली होती. जवळची माणसं आपल्यासाठी धडपडतात खरी, पण नवी बातमी दुरून येते, कारण दूरची माणसं वेगळ्या घोळक्यात वावरतात.

आपल्याकडे ही दूरची माणसं कोण? आयटीआयमध्ये बरोबर असलेली आणि आता उमरग्याला दिलेली मैत्रीण. प्रशिक्षणात शेजारी बसलेली निलंग्याची आशाताई. मुलाच्या क्लाससाठी लातुरात खोली घेऊन राहिलात तेव्हा त्याच वाड्यात राहणारी अहमदपूरची आई, जी तिकडे शाळेत बाई आहे. लातूरच्या महिला तंत्रनिकेतनातल्या तुमच्या पुढच्या वर्गातली, आता पुण्यात कंपनीत असलेली मुलगी. यांच्याशी ओळख आहे, नंबरही आहे, पण वर्षानुवर्षं बोलणं नाही. वहीतल्या यादीखाली यांची दुसरी यादी करा. दर आठवड्याला यांतल्या एकीला फोन करा. लगेच काम सांगू नका. ती सध्या काय करते ते विचारा, तुम्ही काय करता ते सांगा. दहा मिनिटं पुरतात.

चार जणींचा आतला गट

नुसतं वर्तुळ रुंद करून बाईचं भागत नाही. 2019 साली यांग, चावला आणि उझी या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेतून व्यवस्थापन शिकून बाहेर पडलेल्या मुला-मुलींच्या ओळखींचा अभ्यास केला. ज्यांच्या ओळखी सगळीकडे पसरलेल्या होत्या त्या पुरुषांना चांगली पदं मिळाली. बायकांना मात्र तेवढं पुरलं नाही. ज्यांच्याजवळ अशा पसरलेल्या ओळखी होत्या आणि शिवाय जवळच्या दोन-तीन बायकांचा घट्ट गटही होता, त्या पुढे गेल्या. त्यातही गटातल्या प्रत्येकीच्या बाहेरच्या ओळखी वेगवेगळ्या असतील तर फायदा जास्त.

हे वाचताना मला आपल्याकडच्या किती तरी गोष्टी आठवल्या. लातूरच्या एखाद्या खासगी दवाखान्यात नर्सची जागा निघाली, हे पुरुषही सांगेल. पण तिथे रात्रपाळीनंतर घरी सोडायची सोय आहे का, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, पगार महिन्याच्या महिन्याला होतो का, बाळंतपणाची रजा मागितली की काय होतं, साहेबांची नजर कशी आहे, हे बाईच बाईला सांगते. त्यावरच ती नोकरी टिकते की सुटते ते ठरतं.

असा चार जणींचा गट जाणूनबुजून जमवा. बचत गटातल्या दोघी असायला हरकत नाही, पण चौघीही एकाच गटातल्या, एकाच आळीतल्या नकोत. एक आरोग्य खात्यातली, एक शाळेतली, एक धंदा करणारी, एक बँकेत किंवा पंचायतीत जाणारी अशी घडण झाली तर फार उत्तम. महिन्यातून एकदा तासभर भेटा. प्रत्येकीने तीनच गोष्टी सांगायच्या: या महिन्यात कामात काय झालं, कुठे अडलंय, आणि बाकीच्यांच्या उपयोगाची कोणती बातमी कळली. घरगुती बोलणं त्यानंतर. हा क्रम मोडू देऊ नका. एकदा सासूवर विषय गेला की तास कुठे गेला ते कळत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. बायकांना एकत्र आणायचं म्हटलं की आपण पटकन हळदीकुंकू ठरवतो. ते जरूर करा. पण कामाचा गट त्यावर उभा करू नका. भूकंपाने या भागात एका रात्रीत किती तरी बायकांचं कुंकू पुसलं, आणि नंतर त्यांनीच घरं चालवली, मुलं शिकवली, गट चालवले. ज्या बैठकीला विधवा बाईला संकोच वाटतो, त्या बैठकीत या परिसरातल्या सगळ्यात अनुभवी बायका नसतात. ज्या दारात दलित वस्तीतल्या सेविकेला आत या म्हणत नाहीत, तिथेही तेच. बैठक शाळेत घ्या, ग्रामपंचायतीत घ्या, अंगणवाडीत घ्या. जागा सगळ्यांची असली की येणारीला कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

नाव सांगा, काम सांगा, मोजून मागा

मेळाव्यात बायका स्वतःची ओळख करून देताना ऐकलं आहे का? 'मी अमक्यांची सून', 'मी तमक्या सरांची मिसेस'. आपुलकीने सांगितलेलं असतं, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतात ते सरच. त्याऐवजी तुमचं नाव, आडनाव, गाव, काम आणि त्या कामाचं माप सांगा. शिवणकाम करणारी बाई असं म्हणू शकते: 'मी किल्लारीची. तीन मशिनींवर शिवणकाम करते. शाळेचे गणवेश घेते. मापं एप्रिलमध्ये मिळाली तर जूनच्या आत शंभर गणवेश देते.' हे ऐकलेला मुख्याध्यापक चार महिन्यांनीही विसरणार नाही, कारण त्याला नेमकं कळलं की हिच्याकडे काय मागता येईल. 'मी थोडंफार शिवते' म्हणणारीला कुणी काम देत नाही, मग ती कितीही सफाईने शिवत असो. आरशापुढे नव्हे, घरातल्या माणसांपुढे हे चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहा. सुरुवातीला जीभ अडखळते.

मदत मागण्याचंही तेच. 'काही काम असेल तर सांगा' हे वाक्य आपण सगळ्याच जणी वापरतो, आणि त्यातून क्वचितच काही निघतं. ऐकणाऱ्याला वाटतं की नोकरी लावून देण्याची जबाबदारीच अंगावर पडली. मागणी इतकी छोटी करा की समोरच्याला पाच मिनिटांत उत्तर देता यावं. व्हॉट्सअॅपवर असा मजकूर चालतो:

'नमस्कार मॅडम. मी किल्लारीहून (इथे पूर्ण नाव). मागच्या गुरुवारी औशाच्या प्रशिक्षणात आपली भेट झाली होती, मी दालमिलबद्दल प्रश्न विचारला होता. आमचा दहा जणींचा गट तुरीची डाळ करतो. पाकिटावर काय काय छापावं लागतं आणि अन्न परवाना आधी काढावा का, एवढं विचारायचं होतं. आपल्याला सोयीच्या वेळी पाच मिनिटं फोन केला तर चालेल का?'

यात कुठे भेटलो ते आहे, आपण कोण ते आहे, नेमका प्रश्न आहे आणि वेळ त्यांच्यावर सोडली आहे. गुड मॉर्निंगची फुलं, देवाचे फोटो, सणाच्या शुभेच्छा अशा नंबरवर रोज पाठवू नका. कामाच्या माणसाला तुमचं नाव मोबाइलवर दिसलं की 'हिचं काहीतरी कामाचं असणार' असं वाटलं पाहिजे. शक्य असेल तर धंद्यासाठी वेगळा नंबर ठेवा. त्यावर तुमचा स्वतःचा फोटो आणि कामाचं नाव असू द्या, नवऱ्याचा किंवा बाळाचा नको. शिकलेल्या, नोकरी शोधणाऱ्या मुलींनी लिंक्डइनवर खातं उघडावं आणि आपल्याच महाविद्यालयातल्या आधीच्या मुलींना तिथे शोधावं. 'मी लातूरची, तुमच्याच विभागातली' एवढ्या ओळखीवर बोलायला तयार होणाऱ्या खूप असतात.

उत्तर मिळालं, सल्ला मिळाला, पुढे काय? निम्म्याहून जास्त ओळखी इथे वाया जातात, असं माझं पाहणं आहे. ज्यांनी सल्ला दिला त्यांना परत कळवायचं असतं. 'तुम्ही सांगितलं तिथे गेले होते, अर्ज दिला' किंवा 'गेले होते, पण त्यांनी नाही म्हटलं', दोन्ही कळवा. काम झालं नाही तर तोंड लपवायची आपल्याला सवय आहे. उलट, काम न होताही कळवणारी बाई लक्षात राहते आणि तिला पुढची वाट सांगितली जाते. भेटीनंतर दोन दिवसांत एक ओळ, काम लागलं की एक फोन. एवढंच करायचं आहे.

जायचं कुठे

आता ठिकाणं. बचत गटांच्या 'उमेद' अभियानात असाल तर गटाच्या वर ग्रामसंघ आहे आणि त्याच्या वर प्रभागसंघ. बहुतेक बायका गटाच्या बैठकीपर्यंतच थांबतात. प्रभागसंघाच्या बैठकीला जायची पाळी आली की 'दुसरीला पाठवा' म्हणतात. ही पाळी सोडू नका, कारण दुसऱ्या गावच्या बायका तिथेच भेटतात. बँक सखी, कृषी सखी, पशु सखी ही कामं कुणाला मिळतात याची बातमीही तिथे आधी येते. माविम, म्हणजे 1975 साली सुरू झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, यांचे गट असतील तर त्यांची लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. दोन्हींच्या विक्री प्रदर्शनांत स्टॉल मिळतो. स्टॉलवर गेल्यावर माल विकून मोकळ्या होऊ नका. शेजारच्या स्टॉलवाल्या बाईला तिचा पुरवठादार, तिचं पाकीट, तिचा भाव विचारा आणि आपलाही सांगा.

धंदा काढायचा असेल तर लातूरचं जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ही तीन दारं आहेत. प्रशिक्षण बऱ्याचदा फुकट असतं. तिथे शिकायला मिळतंच, पण बरोबर शिकणाऱ्या वीस-पंचवीस जणींचे नंबर ही तितकीच मोठी कमाई आहे. शेवटच्या दिवशी ग्रुप करा आणि त्याची प्रमुख तुम्ही व्हा. नोकरी शोधणाऱ्यांनी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचे मेळावे चुकवू नयेत. शेतीतल्या बायकांसाठी कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी कार्यालय आहे. तिथे पुरुषांची गर्दी असते म्हणून माघारी फिरू नका, चौघी मिळून जा.

मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. महिन्यातून एक फेरी औशाला किंवा लातूरला फक्त या कामासाठी ठेवता येते. जायच्या आधी फोन करून अधिकारी जागेवर आहेत ना ते विचारा. त्या एका फेरीत तीन ठिकाणं गाठा.

आणि गावातली एक जागा आपण फुकट घालवतो: महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्या राज्याचा कायदा आहे. ती झाल्याची नोंद होते, सह्या होतात, आणि कित्येक गावांत सभा मात्र होत नाही. या सभेत एकदा उभं राहून अंगणवाडीच्या पाण्याबद्दल, एसटीच्या वेळेबद्दल, रोजगार हमीच्या कामाबद्दल मुद्देसूद बोललात तर ग्रामसेवकापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना तुमचं नाव कळतं. संवाद सहायक बायकांची सुरुवातही गावाच्या सभेतूनच झाली होती.

अडचणी खऱ्या आहेत

पुरुषांच्या कामाच्या ओळखी संध्याकाळी होतात. बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा, पारावर गप्पा, रात्री कुणाच्या शेतात जेवण. तेव्हा आपण चुलीपुढे असतो. ती वेळ आपल्याला मिळायची नाही, त्यावर कुढूनही उपयोग नाही. सकाळी कार्यालय उघडतानाची, दुपारी शाळा सुटायच्या आधीची, प्रशिक्षणातल्या जेवणाच्या सुट्टीची वेळ आपली आहे. जेवणाच्या सुट्टीत गावच्याच बायकांच्या घोळक्यात डबा उघडू नका. त्या रोज भेटतात.

घरच्यांना आधी सांगा. परवानगी म्हणून नाही, तर त्यांना कामाचा हिशोब कळावा म्हणून. 'लातूरला चालले' एवढं ऐकलं की शंका निघतात. 'उद्योग केंद्रात अर्ज द्यायला चालले, अमक्या मॅडमना भेटायचंय, पाचच्या गाडीने येते' असं सांगितलं की घरातला एखादा माणूस आपणहून तुमची बाजू घेतो. पुरुष अधिकाऱ्याशी, व्यापाऱ्याशी फोनवर बोलावंच लागतं. कार्यालयाच्या वेळेत बोला, महत्त्वाचं बोलणं लिहून पाठवा, पहिल्या भेटीला मैत्रिणीला सोबत न्या, भेट कार्यालयात किंवा दुकानातच घ्या. 'काम करून देतो, संध्याकाळी एकट्या या' म्हणणाऱ्याकडचं काम सोडून द्या आणि तुमच्या चौघींना त्याचं नाव सांगा, म्हणजे पुढची वाचेल. कामाच्या ठिकाणी छळ झाला तर 2013 चा कायदा आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, म्हणून तारखा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका.

बायकांच्या ओळखींवर डोळा ठेवून असणारे दुसरेही लोक आहेत, आणि मला त्यांची जास्त काळजी वाटते. 'ताई, तुमच्या खूप ओळखी आहेत, फक्त पाच जणींना जोडा' असं गोड बोलत ते येतात. साबण, पावडर, भांडी काहीही असेल, पण खरी कमाई माल विकून नाही, माणसं जोडून होते असं सांगितलं की उठून जा. पैशांच्या साखळी योजनांवर 1978 पासून कायद्याने बंदी आहे. अशा योजनेत बुडतात ते तुमचे पैसे, आणि त्याबरोबर तुमच्या शब्दावर पैसे घातलेल्या जावेचे, शेजारणीचे, गटातल्या बाईचे. तो भरवसा परत मिळवायला वर्षं जातात. तसंच कर्जाला जामीन राहणं. ओळख आहे म्हणून सही करू नका. ज्या कर्जाचा हप्ता वेळ पडल्यास तुम्ही स्वतः भरू शकाल, तेवढ्यालाच जामीन राहा. बाकी वेळी 'माझ्या गटात आम्ही असं ठरवलंय' म्हणून सरळ नकार द्या.

व्हॉट्सअॅपवर येणारी प्रत्येक भरती, प्रत्येक योजना पुढे ढकलण्याआधी तपासा. जाहिरातीवर विभागाचं नाव, शेवटची तारीख, अर्जाची सरकारी वेबसाइट आहे का ते पाहा, नाहीतर संबंधित कार्यालयात फोन करून विचारा. दोनदा खोटी बातमी पाठवलीत की तिसऱ्यांदा खरी पाठवली तरी कुणी उघडत नाही.

आता राहिली शिफारस. तुमचं नाव चार लोकांना माहीत झालं की बायका तुमच्याकडे येऊ लागतील: माझ्या मुलीसाठी सांगा, माझ्या सुनेसाठी बोला. तेव्हा 'बघते' म्हणून टाळू नका आणि डोळे झाकून शब्दही टाकू नका. त्या मुलीला बोलवा, अर्धा तास बसा, तिला काय येतं आणि काय येत नाही ते विचारा. मग ज्यांना सांगायचं त्यांना लिहा: 'हिचं बीएस्सी झालंय, संगणक चांगला येतो, इंग्रजी बोलायला कच्ची आहे, पण ऑगस्टपासून सहा महिने माझ्या ओळखीच्या लॅबमध्ये काम केलंय आणि एकदाही उशिरा आली नाही. भेटून पाहा.' कच्ची बाजू लपवली नाहीत म्हणून तुमच्या पुढच्या शब्दालाही वजन येतं. मुलीला सांगा, की मुलाखत झाली की त्याच दिवशी संध्याकाळी मला फोन कर, आणि वर्षभराने तुझ्या जागी किंवा तुझ्या शेजारी जागा निघाली तर ती बातमी आधी या गावातल्या मुलींना कळव.